क्षमेची घाई

मंडळीतील कोणी प्रौढ मनुष्य सांगू लागला की, लहानपणी वसतिगृहात असता तेथील अधिकाऱ्याने माझ्या देहाची विटंबना केली, तर आपण त्यास बहुधा म्हणतो, "बाबा, क्षमा कर, विसरून जा." ही घाई योग्य आहे काय?

कॉटन ग्रीनहून काही मैलांवर कुलाब्यात 'अँकरेज' नावाचे आश्रयगृह होते. तेथील डंकन ग्रँट व ॲलन वॉटर्स यांस २००६ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरविले, २००८ साली उच्च न्यायालयाने सोडिले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. इतकी वर्षे मुलांची साक्ष खरी की खोटी हाच वाद! ते गृह धर्मसंस्था नव्हते. पण जेथे छळणारा हात प्रार्थनेसही जोडला जातो, तेथे जखम अधिक खोल जाते. कित्येकांस पुढे झोप लागत नाही, कित्येक दारूकडे वळतात, कित्येकांस जीव नकोसा होतो; उपासनेची घंटा ऐकताच एखाद्याची छाती धडधडते, आणि आम्ही त्यास अविश्वासी म्हणतो! ऑस्ट्रेलियातील चौकशी आयोगास २०१७ साली आढळले की, त्याच्यापुढे आलेल्या पीडितांस तोंड उघडावयास सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. "इतके दिवस गप्प का?" हे विचारणे निर्दयपणाचे आहे.

क्षमा देणे न देणे दुखावलेल्याच्या हाती आहे. मंडळीने ती त्याच्या वतीने देऊ नये. पीडित आज मूल असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांस न कळविणे हा गुन्हा होय. पंचांनी घरातल्या घरात मिटवू नये. प्रौढ असेल तर त्याचे ऐकावे, व त्याची इच्छा असल्यास मनोविकारांच्या डॉक्टरांकडे त्याजबरोबर जावे.