जमिनीखालचा सातबारा कोणाचा?

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात, शेतांतून रात्री विजेऱ्यांचे उजेड फिरू लागले. 'छावा' चित्रपट येऊन गेला होता, त्यावरून मोगलांचा खजिना इथे पुरला असल्याची आवई उठली होती, आणि माणसे कुदळी, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन माती उपसत होती. असीरगड मध्य प्रदेशात असला, तरी ही वृत्ती सीमेपलीकडची म्हणून हात झटकता येणार नाहीत. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतले धन दिसते, हा समज आपल्याच गावांत वाढला. 1972 ते 1974 या काळातले मानवतचे हत्याकांड परभणी जिल्ह्यात घडले आणि त्यामागे गुप्तधनाचा लोभ होता.

आज अंजनाच्या जागी यंत्र आले, म्हणून शोधणारा स्वतःला विज्ञाननिष्ठ समजतो. यंत्र फक्त धातू आहे एवढेच सांगते. तो उकरण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न माणसाने स्वतःला विचारायचा असतो.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खोदणे 1958 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा 1960 चा कायदा आहे. गायरान किंवा नदीपात्र मोकळे दिसते, पण ते बिनमालकीचे नसते. उत्खननाची परवानगी अभ्यासासाठी मिळते, नशीब अजमावण्यासाठी नाही. आणि नांगरताना योगायोगाने काही सापडले, तरी 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. लपवले तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

"हंडा मला सापडला, मग सरकारचा संबंध काय?" असे विचारणाऱ्याने जोगळटेंभीची हकिगत ऐकावी. 1906 मध्ये नाशिकजवळच्या या गावी 13,000 हून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. कोणी कोणाला हरवले, कोणाचे चलन कोणी आपले केले, हे त्या साठ्याने एकत्र राहून सांगितले. तीच नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर हाती काही किलो चांदी उरली असती आणि सातवाहनांच्या इतिहासातला एक भक्कम पुरावा संपला असता.

महाराष्ट्रातल्याच दायमाबादचे उदाहरण याहून बोलके आहे. 1974 मध्ये झाडाचा बुंधा खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. ते जपले गेले, ही मोठीच गोष्ट. पण ते शास्त्रीय उत्खननात, थराथराची नोंद होत वर आले नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. हा केवळ योगायोग होता, शेतकऱ्याला दोष देता येत नाही. मेटल डिटेक्टरवाला मात्र हेच नुकसान जाणूनबुजून करतो. वस्तू हाती येते, ती कोणत्या मातीत, कोणत्या भांड्याशेजारी होती ही माहिती त्याच क्षणी कायमची नष्ट होते.

"सरकार तरी काय मोठे जपते?" हा आक्षेप खोटा नाही. कितीतरी किल्ल्यांवर ना पहारा आहे, ना फलक. 2013 च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या डौंडियाखेडा इथे पुरलेल्या सोन्याविषयीच्या एका साधूच्या स्वप्नाचा गाजावाजा झाला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे कुदळ चालवली. भूवैज्ञानिक अहवालाचा आधार सांगितला गेला. सोने निघाले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांना तो बंदी घालतो, मग स्वप्नामागे जाणाऱ्या शासनालाही आपण त्याच कठोरपणे जाब विचारला पाहिजे. पण राखणदार बेफिकीर आहे, म्हणून घर लुटण्याचा हक्क शेजाऱ्याला मिळत नाही.

मुख्य म्हणजे प्रामाणिक माणसाची वाट सोपी हवी. त्याच 1878 च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिची वाच्यता क्वचितच होते: ठेव्याचा कोणी मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश वाटा मिळतो, जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. ही रक्कम इतिहासाच्या मानाने तुटपुंजी आहे आणि दहा रुपयांची मर्यादा आज निरर्थक आहे. दोन्ही बदलायला हवे. खबर कुठे द्यायची, पावती कोण देणार, किती दिवसांत निकाल लागणार, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहिलेले असावे. आज नांगराला हंडा लागलेला शेतकरी पोलिसांच्या चौकशीला घाबरतो आणि रात्रीच सराफाची वाट धरतो.