घेणाऱ्याचा मान

दान हें पुण्यकर्म होय, याविषयीं आपल्याकडे कधीं दुमत झालें नाहीं. दात्याची थोरवी गाणाऱ्या कथा लहानपणापासून आपल्या कानांवर पडत असतात. कर्णानें कवचकुंडलें दिलीं, शिबीनें स्वतःचें मांस कापून दिलें, बळीनें त्रिभुवन दिलें. परंतु या कथांत घेणारा कोण होता, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. कर्णाच्या दारीं आलेला ब्राह्मण हा इंद्र होता, शिबीपुढें आलेला ससाणा हाहि इंद्रच होता, आणि बळीच्या यज्ञांत आलेला बटु हा साक्षात् विष्णु होता. पोटाची गरज यांपैकीं कोणालाच नव्हती. त्यामुळें घेतांना लाज वाटण्याचा प्रसंगहि कोणावर आला नाहीं.

संसारांत जो घेतो तो देव नसतो. त्याची नोकरी गेलेली असते, घरांत दुखणें असतें, किंवा कर्ता पुरुष अकालीं गेलेला असतो. तो मदत घेतो तेव्हां पैशाबरोबर आणखी एक वस्तु त्याच्या घरांत शिरते. तिला आपण उपकाराचें ओझें म्हणतों. पुढें देणारा रस्त्यांत भेटला म्हणजे घेणाऱ्याची मान आपोआप खालीं जाते. देणारा सज्जन असला तरी यांत फरक पडत नाहीं. किंबहुना तो जितका सज्जन, तितकें तें ओझें जड. म्हणूनच पांढरपेशा कुटुंब एक वेळ उपाशी निजेल, पण झांकली मूठ उघडणार नाहीं. तेव्हां प्रश्न असा कीं, घेणाऱ्याचा मान राखून करतां येईल असें साहाय्य शक्य आहे काय?

अशा प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें शोधण्यापेक्षां, जेथें त्याचा प्रयोग दीर्घकाळ झाला आहे तेथें जाऊन पाहणें बरें. ख्रिस्ती मंडळी हें असें एक स्थळ आहे. एका ठिकाणीं उपासनेस जमणाऱ्या समुदायाला मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात. शब्द घरगुती आहे; घरांतल्या माणसांनाहि आपण मंडळीच म्हणतों. या समुदायानें परस्परसाहाय्याचें व्रत पहिल्या दिवसापासून घेतलें, तें कधीं पाळलें, कधीं मोडलें, आणि मोडलें तेव्हां स्वतःच्या धर्मग्रंथांत त्याची नोंदहि करून ठेवली. या प्रामाणिक नोंदींमुळेंच हा प्रयोग अभ्यासास योग्य झाला आहे.

‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत यरुशलेमांतील पहिल्या मंडळीचें वर्णन आहे. तेथील लोकांनीं आपली मालमत्ता एकत्र केली व ज्याला जशी गरज तसें वांटप सुरू केलें. यांत सक्ति नव्हती. हनन्या व सप्पीरा या जोडप्यानें जमीन विकून कांहीं रक्कम मागें ठेवली आणि सर्वच दिल्याचें भासविलें, तेव्हां पेत्रानें त्यांना दोष दिला तो ढोंगाबद्दल; जमिनीवर व पैशावर त्यांचा हक्क होता, हें त्यानें मान्यच केलें. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्याच प्रकरणांत आहे. रोजच्या वांटपांत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतें, अशी ग्रीक बोलणाऱ्या गटानें तक्रार केली.

एखाद्या अन्नछत्रांत अशी तक्रार झाली असती तर काय उत्तर मिळालें असतें, हें सांगावयास नको. फुकटचें खाऊन वर कुरकुर करणारा मनुष्य कृतघ्न ठरतो. यरुशलेमांत असें झालें नाहीं. प्रेषितांनीं सर्वांना बोलावून या कामासाठीं सात माणसें निवडावयास सांगितलीं. स्तेफन, फिलिप्प यांच्यासह त्या सातांचींहि नांवें ग्रीक आहेत. यावरून अनेक अभ्यासकांनीं असें अनुमान काढलें आहे कीं, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातीं वांटपाची व्यवस्था सोंपविण्यांत आली. येथें दान आणि वांटा यांतील भेद स्पष्ट होतो. वडिलार्जित घराचा वांटा घेतांना भावाची मान खालीं जात नाहीं, आणि तो कमी पडला तर भाव भांडूं शकतो. दान घेणाऱ्याला भांडतां येत नाहीं. ज्या समुदायांत घेणारा तक्रार करूं शकतो, तेथें त्याला भिकारी न समजतां वांटेकरी समजलें जातें.

ही वृत्ति टिकविणें मात्र सोपें नव्हतें. पुढें वीसपंचवीस वर्षांतच करिंथ या श्रीमंत व्यापारी शहरांतल्या मंडळींत उलट प्रकार घडला. तेथें प्रभुभोजनासाठीं सर्व जमत. पण ज्यांच्याजवळ भरपूर असे ते आपापलें आधींच खाऊन घेत, आणि गरिबांना उपाशी राहावें लागे. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. सुमारें इ. स. ५५ मध्यें पौलानें करिंथकरांना लिहिलेल्या पत्रांत यावर कडक टीका केली आहे. त्याच्या मतें अशा जेवणाला प्रभूचें भोजन म्हणतांच येत नाहीं, कारण त्यांत ज्यांच्याजवळ कांहीं नाहीं त्यांचा अपमान होतो. अन्न कमी पडलें, यापेक्षां माणूस कमी लेखला गेला, हें त्याच्या दृष्टीनें मोठें पाप होतें.

हा दोष फक्त करिंथचाच नव्हता. आपल्या देशांत तंजावर व आसपासच्या तामीळ मंडळ्यांत उच्च म्हणविणाऱ्या जातींचे लोक उपासनेस वेगळे बसत आणि प्रभुभोजनाचा प्याला आधीं घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं १८३३ सालीं हा भेद तत्काळ व कायमचा सोडण्याची आज्ञा केली, तेव्हां पुष्कळांनीं भेद सोडण्याऐवजीं मंडळीच सोडली. एका प्याल्यांतून पिण्यापेक्षां शेजाऱ्याला पायली दोन पायली धान्य देणें मनुष्याला किती सोपें वाटतें, हें यावरून दिसतें. दान देऊन अंतर कायम ठेवतां येतें. पंक्तीला बसून तें ठेवतां येत नाहीं.

पौलानें आणखी एका प्रसंगीं या प्रश्नाचा जो विचार केला आहे तो आपल्या शेतकऱ्याला चटकन् कळण्यासारखा आहे. यरुशलेमांतील गरीब बंधूंसाठीं तो ग्रीस व मासेदोनिया येथील मंडळ्यांतून वर्गणी जमवीत होता. तो म्हणतो त्याचा आशय असा कीं, आज तुमच्याजवळ आहे तें त्यांच्या उणिवेला उपयोगीं पडो, उद्यां त्यांच्याजवळचें तुमच्या उणिवेला पडेल. ही आपल्या खेड्यांतली सावडच झाली. आज माझे बैल तुझ्या शेतांत, उद्यां तुझे माझ्या शेतांत; यांत उपकार कोणीं कोणावर केला? शिवाय त्याच पत्रांत तो सांगतो कीं, मासेदोनियांतील लोक स्वतः दरिद्री असून त्यांनीं या कार्यांत आपल्याला भाग मिळावा म्हणून विनवणी केली. देणें हा श्रीमंतांचाच अधिकार आहे, असें मानून गरिबाकडून कांहीं न घेणें हाहि त्याचा एक प्रकारें अपमान आहे, ही गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेज येथील टर्टुलियन यानें मंडळीच्या सामाईक पेटीचें वर्णन केलें आहे. महिन्यांतून एकदां ज्याला इच्छा व ऐपत असेल त्यानें तींत थोडेंसें टाकावें. त्यांतून अनाथ मुलें, थकलेले वृद्ध दास, जहाज फुटून नागवलेले लोक, खाणींत व तुरुंगांत डांबलेले बंदी यांचा निर्वाह चाले, आणि गरिबांना मूठमाती दिली जाई. या शेवटच्या कलमाचें मोल मराठी वाचकाला समजावून सांगणें नको. एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे जो बाप्तिस्मा घेई त्याचे भाऊबंद बहुधा तुटत. घरीं दुखणें आलें तर पाणी कोणी द्यावें आणि मृत्यु आला तर खांदा कोणी द्यावा, हा त्याच्यापुढें कल्पनेंतला प्रश्न नव्हता. नवी मंडळी हीच त्याची भावकी झाली. जेथें सर्वच जण अशा रीतीनें एकाकी झालेले असतात तेथें मदत घेण्याची लाज कमी होते, कारण उद्यां आपणांवर तीच पाळी येणार हें देणाऱ्यालाहि ठाऊक असतें.

पण मंडळी जुनी व सुस्थित झाली म्हणजे काय? तेव्हां शेजारच्या बांकावरचा मनुष्य अडचणींत आहे हें कळावें कसें? या प्रश्नाचें सर्वांत मार्मिक उत्तर इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जवळजवळ योगायोगानें सांपडलें. जॉन वेस्लीच्या अनुयायांनीं तेथें १७३९ सालीं सभागृह बांधलें व त्याचें कर्ज झालें. १७४२ च्या फेब्रुवारींत तें फेडण्याचा विचार चालला असतां फॉय नांवाच्या एका कप्तानानें प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी असें सुचविलें. कित्येकांना तेवढेंहि झेपणार नाहीं, असा आक्षेप निघाला. त्यावर तो म्हणाला तें असें: सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्यास त्यांच्या घरीं जाईन, त्यांना देतां आलें तर ठीक, न आलें तर त्यांची पेनी मी भरीन, आणि तुम्हींहि प्रत्येकीं असेच अकरा शेजारी पतकरा.

यांत पैशाची योजना लहान आहे. मोठी आहे ती दर आठवड्यास दार ठोठावण्याची. वर्गणीसाठीं घरोघर जाणाऱ्यांच्या लवकरच लक्षांत आलें कीं, कोणाच्या घरीं काय चाललें आहे तें आपल्याला प्रथमच कळत आहे. कर्जफेडीची युक्ति बाजूला राहून त्यांतून बाराबारा जणांचे ‘वर्ग’ निर्माण झाले आणि तेच मेथॉडिस्ट मंडळ्यांचा कणा झाले. संकटांत असलेल्या माणसाला आपली मूठ स्वतः उघडावी लागत नव्हती; कोणी तरी नेमानें येऊन विचारीत होता, आणि तो गरीब श्रीमंत सर्वांनाच विचारीत असल्यामुळें विचारण्यांत कमीपणा नव्हता. पुढें वेस्लीनें लंडनमध्यें गरिबांसाठीं कर्जाऊ निधि काढला. एका वेळीं वीस शिलिंगच द्यावयाचे व ते तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनीं परत घ्यावयाचे, असा नियम होता. आरंभीं जमलेल्या ३० पौंड १६ शिलिंगांतून अठरा महिन्यांत २५५ जणांची अडचण भागली, अशी नोंद त्यानें १७४८ च्या जानेवारींत केली आहे. परतफेड झालेला तोच पैसा दुसऱ्याच्या उपयोगीं पडत होता. म्हणजे कर्ज फेडणारा गरीब हा पुढच्या गरिबाचा दाता होत होता.

आतां या पद्धतीवर दोन गंभीर आक्षेप येतात, आणि ते टाळून चालणार नाहीं. पहिला असा कीं, ज्या पावलांनीं मदत घरांत येते त्याच पावलांनीं चौकशीहि येते. ब्रिस्टलच्या वर्गनायकांनीं कोण संकटांत आहे हें जसें पाहिलें, तसेंच कोण दारू पितो व कोण बायकोशीं भांडतो हेंहि पाहिलें. आणि ज्याचें वर्तन पटत नसे त्याला सभासदत्वाचें तिमाही तिकीट मिळत नसे. आधार देणारा हात मानगुटीवर केव्हां बसतो, हें कळत नाहीं. या भयावर संपूर्ण उपाय नाहीं. तथापि वेस्लीनें १७३८ सालीं लहान गटांसाठीं केलेल्या नियमांत एक चांगला बंध आहे: इतरांना प्रश्न विचारण्यापूर्वीं एकानें आधीं स्वतःची स्थिति सांगावी. ज्याला स्वतःचें दुबळेपण सांगावयाचें नाहीं त्यानें दुसऱ्याचें विचारूं नये, हा नियम धर्माबाहेरच्या संस्थांनींहि पाळण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हा सगळा बंधुभाव आपल्याच लोकांपुरता असतो. मग ज्ञातीचा फंड आणि मंडळीची पेटी यांत भेद तो काय? आक्षेपांत तथ्य आहे. कोणताहि जिव्हाळ्याचा समुदाय हळूहळू नवी जात बनण्याचा संभव असतो. तथापि या बाबतींत ख्रिस्ती लोकांच्या एका विरोधकाची साक्ष आहे. जुन्या रोमन देवतांची उपासना पुन्हा रूढ करूं पाहणारा सम्राट ज्युलियन याच्या नांवानें असलेल्या ३६२ सालच्या एका पत्रांत अशी खंत आहे कीं, हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, पण आमच्याहि गरिबांना पोसतात. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाहि एकत्र बसतां यावें म्हणून. ज्यांना मंडळीच्या प्रेमाचा अनुभव होता त्यांनाच तिच्या भिंतीहि जाणवल्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

ज्ञातिसंस्था, विद्यार्थिसाहाय्यक निधि, चाळींतली भिशी, हीं सर्व आपल्याकडे आहेत, व त्यांत उदार माणसांची उणीव नाहीं. परंतु त्यांची पारख किती रुपये वांटले यावरून करूं नये. तेथें घेणाऱ्याला तक्रार करतां येते काय, आणि त्यालाहि कांहीं देण्याची संधि मिळते काय, हें पाहावें. ज्याच्याजवळ पेनी नाहीं त्याच्याजवळ आजाऱ्याच्या उशाशीं एक रात्र बसण्याइतका वेळ असूं शकतो. तो मागून घ्यावा, आणि आपल्यावर तशी रात्र येईल तेव्हां त्याला निःसंकोच हांक मारावी. देण्याची संवय आपणांस पिढ्यान् पिढ्या लागली आहे. अशी हांक मारण्याची मात्र अजून लागावयाची आहे.