रक्तातच आहे?



एखादे मूल चुकले की आपण चटकन म्हणतो, "त्याच्या रक्तातच आहे."

सी-अर्चिन हा काटेरी समुद्रजीव. १८९१ साली जर्मन शास्त्रज्ञ हान्स ड्रीश यांनी त्याच्या दोनपेशी गर्भाच्या दोन्ही पेशी हलवून सुट्या केल्या. त्यांना अपेक्षा होती अर्ध्या देहाची; पण एकट्या पेशीतूनही लहानशी, परंतु पूर्ण अळी घडली. सर्व पेशींत जनुके तीच असतात. कोणते जागे व्हावे, कोणते गप्प राहावे, हे शेजारच्या पेशींच्या संकेतांवरही ठरते, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

माणूस म्हणजे सी-अर्चिन नव्हे. पण पेशीचेही भवितव्य जिथे एकट्या जनुकांवर ठरत नाही, तिथे मुलावर आपण कायमचा शिक्का का मारावा? त्याचे शेजारी म्हणून आपण कोणते संकेत देतो, हे आधी तपासू या.