इमरानच्या पत्नीने ठेवलेले नाव





मूल जन्मले की घरात पहिला शोध सुरू होतो तो नावाचा. पूर्वी हा शोध आजी-आजोबांपाशी संपत असे. आता तो मोबाईलवर सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. इमामाकडे येणारे पालक हल्ली नाव विचारायला फारसे येत नाहीत, ठरवून ठेवलेल्या नावावर संमतीची मोहोर उमटवून घ्यायला येतात. प्रश्न एकच असतो : "मौलाना, हे नाव कुरआनात आहे ना?" असते, पण कुरआनातील प्रत्येक शब्द हे नाव नव्हे. 'अलैना' हा शब्द सूरह यासीनमध्ये आहे, त्याचा अर्थ 'आमच्यावर' एवढाच. आम्ही वाइज मंडळी तकरीर संपवताना जी आयत म्हणतो, तिच्यातलाच तो शब्द. 'मिन्हा' म्हणजे 'तिच्यातून' किंवा 'त्यातून'. अरबीत थोड्या वेगळ्या 'ह'ने लिहिलेला, देणगी या अर्थाचा दुसरा शब्द आहे खरा. पण देवनागरीत हे दोन्ही 'ह' सारखेच दिसतात, आणि कुरआनात पाहिला म्हणून जो सांगितला जातो तो बहुधा पहिलाच असतो.

ज्या नावाबद्दल हा प्रश्न विचारावाच लागत नाही, त्या नावाविषयी आज लिहावयाचे आहे. ते नाव मरयम. संपूर्ण कुरआनात नावानिशी उल्लेखिलेली स्त्री एकच आहे, आणि तिचे नाव 34 वेळा आले आहे. एकोणिसावी सूरह तिच्याच नावाने ओळखली जाते. आश्चर्य असे, की इतक्या मोठ्या मानाचे हे नाव कोणा फरिश्त्याने आणले नव्हते. याह्या (अ.) यांचे नाव अल्लाहने सांगितले, ईसा (अ.) यांचे नाव फरिश्त्यांनी दिलेल्या शुभवार्तेतच आले. मरयम हे नाव मात्र एका आईने ठेवले. आणि ज्या क्षणी ठेवले, त्या क्षणी तिच्या मनात निराशा होती.

हा प्रसंग सूरह आले इमरानच्या आयत 35 ते 37 मध्ये आहे. इमरानच्या पत्नीने, भाष्यकार त्यांचे नाव हन्ना सांगतात, नवस केला होता की माझ्या उदरात जे आहे ते मी सर्व ऐहिक बंधनांतून मुक्त करून अल्लाहच्या सेवेला वाहीन. ही सेवा म्हणजे बैतुल मक्दिसची सेवा, आणि तेथील रिवाजाप्रमाणे ती मुलांनाच दिली जात असे. म्हणजे नवसात न उच्चारता एक अपेक्षा दडलेली होती : मुलगा होईल. मुलगी झाली. तेव्हा त्या मातेने आपल्या पालनकर्त्यापुढे मन मोकळे केले, की मला तर मुलगी झाली. तिचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच कुरआन मध्ये एक वाक्य घालतो : तिने कोणाला जन्म दिला हे अल्लाहला पुरते ठाऊक होते. त्यानंतर येते ते वाक्य, ज्याचा आपल्याकडे सर्वाधिक दुरुपयोग होतो, की मुलगा मुलीसारखा नसतो. घरातील वडीलधारी मंडळी ते ऐकवतात तेव्हा त्यांना सुचवायचे असते की मुलाची सर मुलीला कशी येणार? परंतु शब्दक्रम नीट पाहावा. मुलगी मुलासारखी नाही, असे तेथे म्हटलेले नाही; मुलगा मुलीसारखा नाही, असे म्हटले आहे. काही भाष्यकारांनी हे वाक्य मातेचे मानले आहे. काहींनी ते अल्लाहचे मानून असा अर्थ लावला आहे, की जो मुलगा तू मागत होतीस, तो या दिलेल्या मुलीच्या तोडीचा नव्हता. मला हा दुसरा अर्थ पुढच्या कथेशी अधिक जुळणारा वाटतो. कारण जे स्थान मुलांसाठी राखीव होते तेथेच ही मुलगी वाढली. तिचे पालकत्व कोणाकडे जावे यासाठी उपासकांमध्ये लेखण्या टाकून चिठ्ठ्या काढाव्या लागल्या, आणि पालक ठरले ते जकरिया (अ.) यांच्यासारखे नबी. ते मेहराबीत तिच्याकडे जात तेव्हा तिच्यापाशी अन्न आधीच आलेले असे. तुर्कस्तानातील अनेक मशिदींच्या मेहराबीवर कोरलेली आयत हीच आहे. जेथे इमाम उभा राहतो, त्याच्या डोक्यावर एका मुलीची हकीकत लिहिलेली असते!

मुलगी झाल्याचे कळताच मातेने दोन गोष्टी केल्या : नाव ठेवले, आणि तिला व तिच्या संततीला शैतानापासून अल्लाहच्या आश्रयात दिले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे, की जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शैतान स्पर्श करतो, अपवाद फक्त मरयम आणि त्यांचे पुत्र. ही हदीस सांगून ह. अबू हुरैरा (र.) याच दुआकडे बोट दाखवीत.

ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. 'नकुसा', 'नकुशी' अशी नावे असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना त्या दिवशी नवी नावे देण्यात आली. नको असताना जन्मलेली म्हणून नकुशी. आपण म्हणू, आमच्यात असली नावे कोणी ठेवत नाही. खरे आहे. पण मुलगा झाला की कानात अज़ान द्यायला इमामाला मध्यरात्री बोलावणे येते, आणि तिसरी मुलगी झाली की बातमी आठवड्याने, तीही दुसऱ्याकडून कळते. मुलाच्या अकीक्याला दोन बकरे उभे राहतात. मुलीसाठी शरीअतने एकच सांगितला आहे, तोही 'पुढे बघू' म्हणून राहून जातो. त्या घरात मुलीचे नाव काय ठेवले हा प्रश्न उरतच नाही, कारण ते कोणीतरी घाईत सुचवलेले असते. नकुशी हा शब्द तिच्या जन्मदाखल्यावर नसतो, इतकेच.

आता अर्थाकडे वळू. जमखशरीसारखे भाष्यकार सांगतात, की त्या लोकांच्या भाषेत मरयम म्हणजे उपासना करणारी. मातेच्या नवसाशी हा अर्थ शोभतो. भाषाशास्त्रज्ञांचे मात्र एकमत नाही. मूळ हिब्रू रूप 'मिर्याम'. कोणी त्यात कटुतेचा धातू पाहतो, कोणी बंडाचा, तर कोणी प्रेम या अर्थाचा प्राचीन इजिप्ती शब्द. इजिप्तचा संबंध अगदीच दूरचा नाही, कारण तौरातमध्ये मूसा (अ.) यांच्या बहिणीचे नाव हेच आहे. मराठी बायबलने तिला 'मिर्याम' आणि ईसा (अ.) यांच्या मातेला 'मरीया' लिहून दोघींना वेगळे केले, पण नाव एकच. मी मराठीचा विद्यार्थी होतो; शब्दाचे मूळ शोधण्याचा मोह मलाही होतो. तरी सांगतो, मरयम हे नाव कोशातल्या अर्थावर मोठे झालेले नाही. ज्या मुलीने ते धारण केले, तिच्यामुळे ते मोठे झाले.

याचा अर्थ अर्थ पाहूच नये असा नव्हे. ह. उमर (र.) यांच्या एका मुलीचे नाव 'आसिया' होते, ऐन आणि स्वादने लिहिले जाणारे, अर्थ, अवज्ञा करणारी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते बदलून 'जमीला' केले. फिरऔनच्या पत्नीचे 'आसिया' हे नाव वेगळे, अलिफ आणि सीनचे. ते खुशाल ठेवावे.

ईसा (अ.) यांच्या काळात त्या प्रदेशातील यहुदी स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारे नाव मरयम हेच होते. पुढे नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी ह. मुगीरा बिन शोबा (र.) यांना अडवून विचारले, की तुमच्या कुरआनात मरयमला हारूनची बहीण म्हटले आहे, पण मूसा-हारून तर ईसांच्या कितीतरी आधीचे! मुगीरा (र.) यांनी परत येऊन हे प्रेषितांना (स.) विचारले. उत्तर मिळाले, की ते लोक आपल्या आधीच्या नबींची आणि सज्जनांची नावे आपल्या मुलाबाळांना ठेवीत असत. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. एका ओळीच्या उत्तरात नाव ठेवण्याचे सारे शास्त्र आले : नाव मागून पुढे येते. खुद्द प्रेषितांनी (स.) आपल्या पुत्राला 'इब्राहीम' हे आपल्या पूर्वजाचे नाव दिले.

हेच नाव ख्रिस्ती जगात मेरी झाले. अमेरिकेच्या सरकारी नोंदींत 1880 पासून 1946 पर्यंत मुलींच्या नावांत दरवर्षी मेरी पहिली होती; 1961 हे तिचे पहिल्या क्रमांकाचे शेवटचे वर्ष, आणि आज ती पहिल्या शंभरातही नाही. इंग्लंड-वेल्सच्या पहिल्या शंभरात मात्र आता 'मरयम' दिसते. इराणच्या मरयम मिर्झाखानी यांना 2014 मध्ये गणितातील फील्ड्स पदक मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 2017 मध्ये त्या निवर्तल्या.

आपल्याकडे कोकणात आणि देशावर जुन्या पिढीत मरियमबी गावोगाव भेटत. मग परवीन, शबाना, नसरीन यांचे दिवस आले. फारसी-उर्दूचा गोडवा आणि चित्रपटांचा प्रभाव दोन्ही त्यात होते. मरियम म्हाताऱ्या बाईचे नाव ठरले. गेल्या काही वर्षांत ते परत येताना मला दिसते, 'बी' गाळून. मला त्याचा आनंद आहे, पण फॅशन म्हणून आलेले नाव फॅशनसारखेच जाईल, ही धास्तीही आहे. परवीन किंवा नसरीन ठेवणाऱ्यांनी काही पाप केले असे कोणी समजू नये; ती चांगल्या अर्थाची, निर्दोष नावे आहेत.

नाव कोणत्या दिवशी ठेवावे असे पुष्कळजण विचारतात. सातव्या दिवशी, अकीक्यासोबत, हे प्रसिद्ध आहे; जन्मदिवशीही ठेवता येते, आणि इब्ने कसीर यांनी त्याला इमरानच्या पत्नीच्या याच आयतीचा आधार घेतला आहे. आईला नाव ठेवू द्यावे की नाही यावर ज्या घरांत वाद होतो, त्यांनीही हीच आयत वाचावी. दाखल्यावर मरयम, मरियम, मर्यम यांपैकी कोणतेही रूप चालेल, मात्र सर्व कागदांवर एकच असावे. शाळेत एक आणि आधारवर दुसरे असले की निकाहच्या वेळी आणि पारपत्राच्या वेळी धावपळ होते. नाव न घालता जन्मनोंद झाली असेल तर एका वर्षाच्या आत ते विनाशुल्क नोंदवता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात मुलगी जन्मली आहे आणि दाखल्यावरचा नावाचा रकाना अजून रिकामा आहे, त्यांनी या आठवड्यातच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन यावे.