उंच इमारत आणि झाकलेला दोष

मुंबईत नरिमन पॉइंटला, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ पासून उभी आहे. भरावाच्या जमिनीला असा भार पेलत नाही. तो खाली खडकापर्यंत पोहोचवावा लागतो. शिवाय इमारत जसजशी उंच होते, तसतसा वाऱ्याचा प्रश्न गंभीर होतो. वारा तिला आडवा रेटतो आणि तो रेटा सहन करणारे सांधे भिंतींआड असतात. वाचकहो, लिफ्टने वर जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. मग त्याच्याप्रति बांधणाऱ्याचे कर्तव्य कोणते?

न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या सिटीकॉर्प सेंटर या ५९ मजली कार्यालयीन इमारतीचे चार प्रचंड खांब कोपऱ्यांत नसून बाजूंच्या मध्यभागी आहेत. पुढच्याच वर्षी तिचे अभियंते विल्यम लमेझुरिए यांच्या लक्षात आले की, कोपऱ्यांवर येणारा तिरका वारा अधिक ताण देईल आणि वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडलेले पोलादी सांधे मोठ्या वादळात निखळू शकतील. त्यांनी हे मालकांना व शहराच्या अधिकाऱ्यांना सांगितले. अनेक आठवडे रात्री त्या सांध्यांवर जाड पोलादी पट्ट्या बसवण्यात आल्या. परंतु दिवसा तेथे काम करणाऱ्यांना खरा धोका कळू दिला नाही. जगाला तो १९९५ मध्ये कळला.

दोष कबूल करून तो दुरुस्त करणे, ही अमानतीची मोठी जाण होय. मग गुप्ततेचे काय? लोकांत घबराट पसरली असती, हा युक्तिवाद हलका नाही. तरीही तो मला पटत नाही. ज्यांचा जीव पणाला लागला होता, त्यांना तेथे बसावे की नाही हे ठरवण्याची संधीच मिळाली नाही. दुरुस्तीने इमारत मजबूत झाली. माणसांचा जाणून घेण्याचा हक्क मात्र बाकीच राहिला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी त्याला विचारले. ओल येणे त्याच्या हाती नव्हते. ती झाकणे मात्र त्याच्या हाती होते. वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीन नेणाऱ्या शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

आपण गगनचुंबी इमारती बांधत नाही. पण घरे बांधतो, विकतो, भाड्याने देतो. भिंतीतील ओल रंगाखाली दडवण्यापूर्वी, स्लॅबमध्ये सळई कमी टाकण्यापूर्वी थांबा. दोष असेल तर घेणाऱ्याला सौद्याआधी सांगा. किंमत थोडी कमी येईल. बंद्याचा हक्क बुडवला, तर त्याचा हिशेब अल्लाहपुढे द्यावा लागेल.