भेग, थर आणि जीर्णोद्धार

घराच्या आवारातले टेनिस कोर्ट एका दिवसात म्हातारे होत नाही. आधी त्याचा हिरवा-निळा रंग उतरतो. मग रंगातली बारीक वाळू झिजते आणि बेसलाइनच्या मागे, जिथे खेळणाऱ्याचे पाय सतत वळतात तिथे, गुळगुळीत पट्टे दिसू लागतात. पावसानंतर ठरावीक जागीच पाणी साचते आणि त्या जागी शेवाळाचा काळा डाग धरतो. नेटच्या खांबापाशी निघालेली केसाएवढी चीर काही उन्हाळ्यांनंतर बोटभर रुंद होते आणि तिच्यातून गवत डोके वर काढते. मग मालक ठरवतो की आता वरचा थर नवा करायचा. या साध्या निर्णयात दोन प्रश्न दडलेले आहेत. नवा थर चढल्यावर उरते ते जुनेच कोर्ट, की दुसरे? आणि भेग झाकली म्हणजे ती बरी झाली का? पहिला प्रश्न दर्शनशास्त्राचा वाटतो, दुसरा कंत्राटदाराचा. माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही एकाच प्रश्नाचे भाग आहेत आणि दुसऱ्याचे प्रामाणिक उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देताच येत नाही.

आधी हे काम कसे होते ते पाहू, कारण पुढचा विचार त्यावरच उभा आहे. हार्ड कोर्टची रचना खालून वर अशी असते: दाबून बसवलेली माती, तिच्यावर मुरूम आणि खडी, त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा थर आणि सर्वांत वर अॅक्रिलिक व वाळू मिसळलेल्या रंगाचे पातळ हात. खेळाची आखणी 23.77 मीटर लांब आणि दुहेरीसाठी 10.97 मीटर रुंद असली, तरी भोवतालची मोकळी जागा धरून पृष्ठभाग साधारण 670 चौरस मीटर भरतो. एवढ्या पसाऱ्यावरचा रंगाचा थर मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या आतला असतो. चांगला कारागीर डबा उघडण्याआधी कोर्ट धुतो, मग त्यावर पाणी सोडतो आणि उन्हात तासभर वाळू देतो. त्यानंतरही जिथे ठेवलेले नाणे बुडेल इतके पाणी उरते, त्या डबक्याभोवती तो खडूने रेघ ओढतो. तो खळगा आधी भरला जातो. भेगेतली माती आणि मुळे खरवडून काढली जातात, ती भरली जाते, गरज असेल तर तिच्यावर जाळीची पट्टी बसवली जाते. मगच रबरी पात्याने एकामागून एक हात ओढले जातात. आणि इतके करूनही भेग परत येऊ शकते. उन्हाने डांबर कडक होऊन आकसते; जवळच्या झाडाचे मूळ खालून रेटा देते; आपल्या दख्खनची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते; बर्फाच्या प्रदेशात चिरेत शिरलेले पाणी गोठून तिला रुंद करते. खालची हालचाल थांबली नाही, तर नव्या रंगावर भेग उमटते आणि ती नेमकी जुन्याच जागी उमटते.

आता पहिला प्रश्न. भारतीय दर्शनांनी तो फार बारकाईने हाताळला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून वेगळी असते; म्हणून कापडातून एक धागा काढला तरी जुने कापड नष्ट होऊन नवे, खंडित कापड जन्माला येते. या हिशेबाने कोर्टवर रंगाचा पहिला हात फिरताच जुने कोर्ट संपले. बौद्धांचे उत्तर याच्या उलट टोकाचे. मिलिंदपञ्हात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे चाक, आस की जू, आणि दाखवून देतो की रथ हे केवळ व्यवहाराचे नाव आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते, तशी वेगळीही नसते. असतो तो प्रवाह. जैनांनी तिसरी वाट काढली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जे आहे त्याची व्याख्याच उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता या तिन्हींनी केली आहे. समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत याचा सुंदर दाखला आहे: सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला, तेव्हा घट हवा असणारा खिन्न होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि ज्याला सोनेच हवे होते तो शांत राहतो. एकच घटना, आणि तिघांच्याही भावना खोट्या नाहीत.

तिन्ही मते कोर्टला लावून पाहिली की ध्रुव काय, हा प्रश्न टोकदार होतो. रंग बदलला, जुन्या पांढऱ्या रेघा गाडल्या गेल्या. कुणी म्हणेल, आकृती तीच राहिली ना. नेटपासून पुन्हा मोजून त्याच मापाच्या रेघा ओढल्या गेल्या. पण मापे तर जगातल्या प्रत्येक कोर्टची तीच असतात. आकृती हीच ओळख मानली, तर पुण्याचे आणि पॅरिसचे कोर्ट एकच ठरेल. कुणी म्हणेल, जागा तीच आहे. पण सगळा पाया उखडून त्याच जागी दुसरे कोर्ट घातले, तर त्याला आपण जुन्याची दुरुस्ती म्हणत नाही. मग एका कोर्टला दुसऱ्यापासून वेगळे करणारे असे उरते काय? उरतो त्याचा इतिहास: कोणत्या कोपऱ्यात माती खचली, कुठल्या आंब्याचे मूळ आत आले, कोणत्या बाजूला उतार कमी पडला आणि पाणी थांबले. नवे कोर्ट जसे असायला हवे तसे सर्वत्र सारखे असते. वय झालेले कोर्ट स्वतःच्याच रीतीने झिजते. त्याची ओळख त्याच्या उणिवांत अधिक नेमकी नोंदलेली असते. यातून निष्कर्ष निघतो तो असा, की दुरुस्तीनंतर कोर्ट तेच राहिले असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने तो इतिहास वाचला आणि पत्करला. ज्याने तो फक्त झाकला, त्याने जुन्या कोर्टशी नाते तोडले. भेग मात्र ते नाते सोडत नाही.

म्हणूनच नव्या थराला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त लागू पडत नाही. तिथे जुने टाकून नवे घेतले जाते. इथे जुने टाकले जात नाही. नवे त्याच्या अंगावर बसते आणि खालच्याचा स्वभाव वर उमटतो. याला जवळचा शब्द आपल्याकडे आहे तो संस्कार: गेलेल्या अनुभवाचा मागे राहिलेला ठसा, जो पुढच्या वागण्यात डोकावतो. माणसाच्या सुधारण्याचा प्रश्नही हाच नाही का? मी आता बदललो, त्यामुळे पूर्वीच्या चुकीशी माझा संबंध नाही, असे म्हणणारा माणूस रंगाचा हात फिरवतो आहे. धर्मपरंपरांनी शुद्धीचा क्रम वेगळा लावला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या उपायांमध्ये पाप उघडपणे सांगणे आणि पश्चात्ताप यांची गणना सर्वांत आधी येते. बौद्ध संघात पंधरवड्याच्या उपोसथाला प्रातिमोक्षाचे, म्हणजे संघनियमांचे, पठण होते आणि भिक्षूने आपला दोष लपवू नये अशी अपेक्षा असते. जैन प्रतिक्रमण म्हणजे तर शब्दशः मागे फिरणे. तिन्ही ठिकाणी आधी भेग मोकळी केली जाते, मग भरली जाते. ‘जीर्णोद्धार’ हा शब्दही हेच सांगतो. उद्धार म्हणजे वर उचलणे. त्यात झाकण्याची छटा नाही. आगमपरंपरेत मंदिराच्या कामाआधी देवतेचे सान्निध्य कलशात घेतले जाते आणि काम झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा होते, म्हणजे मधल्या काळात मोडतोड आणि उणिवा उघड्या असतात हे विधीनेच मान्य केले आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात, जो 1996 नंतर 2015 साली झाला, कडुनिंबाच्या लाकडाच्या मूर्ती पूर्ण बदलतात. तरीही देव तोच राहतो, कारण जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ विधिपूर्वक नव्यात ठेवला जातो आणि जुन्या मूर्तींना समाधी दिली जाते. जुन्याचे काय झाले, हा प्रश्न तिथे टाळला जात नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी पृष्ठभागाला कमी लेखतो आहे. चेंडू शेवटी वरच्या थरावरच उसळतो. पाया कितीही पक्का असला तरी रंगातली वाळू झिजली की पाय घसरतो. आक्षेप रास्त आहे. पृष्ठभाग खोटा नसतो, कारण आपला सगळा व्यवहार पृष्ठभागावरच चालतो. जगाला मिथ्या म्हणणाऱ्या शंकराचार्यांनीही व्यावहारिक सत्तेला तिच्या पातळीवर मान दिला. लेपाची आपली परंपराही जुनी आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यात कच्ची टेंभुर्णीची फळे, कवठ, सावरीची फुले अशी द्रव्ये पाण्यात उकळून आटवायची कृती दिली. पंढरपुरात विठ्ठलमूर्तीवर वज्रलेप होतो, हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. पण दगड झिजतो तो पदस्पर्शाने आणि अभिषेकांनी. लेपाबरोबर झिजेच्या कारणांचाही विचार झाला, तरच लेप रक्षण करतो. नाहीतर पुढच्या लेपाची तारीख तेवढी पुढे जाते. लेप वाईट नाही. कारण न शोधता दिलेला लेप अपुरा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. मालकाकडे आज पाया दुरुस्त करण्याइतके पैसे नसतील, तर वरवरची डागडुजीही योग्यच. ती तात्पुरती आहे हे त्याने स्वतःला आणि उद्या घर विकत घेणाऱ्याला सांगितले म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घरचे टेनिस कोर्ट ही मोजक्यांची चैन. तिच्या डागडुजीत धर्म कसला शोधायचा? अपरिग्रहाच्या कसोटीवर ही वस्तू मुळात टिकणार नाही, हे मी मान्य करतो. पण जे घडवून झाले आहे, ज्यासाठी डोंगरातली खडी फुटली, डांबर उकळले आणि जमिनीचा तुकडा कायमचा झाकला गेला, त्याची जबाबदारी ते चैनीचे आहे म्हणून कमी होत नाही, उलट वाढते. गांधीजींनी श्रीमंताला विश्वस्त म्हटले ते याच अर्थाने. विश्वस्ताला वस्तू कुजू देण्याचा हक्क नसतो. तिथे कुणी खेळतच नसेल, तर कोर्ट उखडून ती जमीन पुन्हा मातीची करणे हाही विश्वस्ताचाच निर्णय आहे आणि तो रंगकामाहून अधिक धाडसाचा आहे. चुकीची आहे ती तिसरी वाट: न खेळणे, न उखडणे आणि दर पाच-सात वर्षांनी फक्त रंग देत राहणे.

तिसरा आक्षेप वैराग्याचा. सगळे अनित्य आहे. भेगांशी झगडणे ही आसक्तीच नाही का? याला उत्तर अनित्यतेची शिकवण देणाऱ्या परंपरेतच सापडते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कथा आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू करणार काय, म्हणून राजाने विचारणा केली. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटणार. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झटकणी; आणि अगदी चिंध्या झाल्यावर त्या तोडून, चिखलात मळून जमीन सारवायची. ज्याला जगातली प्रत्येक वस्तू नाशवंत आहे हे पुरते कळले होते, तोच फाटक्या चिंधीची जबाबदारी शेवटच्या सारवणापर्यंत वाहत होता. अनित्यता ओळखणे म्हणजे वस्तूकडे पाठ फिरवणे नव्हे. वस्तू झिजणारच हे ज्याने मान्य केले, तोच तिची झीज शांतपणे तपासू शकतो. आसक्त असतो तो भेग पाहवत नाही म्हणून घाईघाईने रंग मागवणारा.

तेव्हा नव्या थराखाली जुने कोर्ट तेच राहते का, याचे उत्तर रंगाच्या डब्यात नाही. रंगाआधीच्या कामात आहे. ज्याने पाणी सोडून डबकी आखली, भेगेतली मुळे खरवडली, उतार मोजला आणि जे दुरुस्त होण्याजोगे नाही ते तसे कबूल केले, त्याचे कोर्ट तेच आहे आणि खऱ्या अर्थाने नवेही आहे. हा नियम देवळाला लागू आहे, घराला आहे आणि माणसालाही आहे. म्हणून ज्यांच्या हातात अशी एखादी जुनी वस्तू आली आहे त्यांना एवढीच विनंती: रंग निवडण्याआधी एक दिवस द्या, कोर्टवर पाणी सोडा, आणि ते कुठे कुठे थांबते ते नीट पाहा.