जिवंत धरलेला आरोपी

26 नोव्हेंबरला आमच्या परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावांत सकाळी शाळेची मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात आणि अंधार पडला की चौकात मुंबई हल्ल्यातल्या शहिदांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागतात. सकाळचं निमित्त 1949 मध्ये संविधान स्वीकारलं त्याचं, संध्याकाळचं 2008 च्या हल्ल्याचं. तारीख एक आली इतकंच, एरवी दोहोंचा काही संबंध नाही, असं आपण धरून चालतो. मला तो संबंध फार जवळचा वाटतो. तुकाराम ओंबळे यांच्यामुळे तो मला दिसला.

ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात होते, 1991 मध्ये मुंबई पोलिसांत आले. हल्ल्याच्या रात्री ते डॉ. दा. भ. मार्ग ठाण्याचे सहायक फौजदार म्हणून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर उभे होते. हातात लाठी. समोरून आलेल्या स्कोडा गाडीत दोघे होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आणि कामा रुग्णालयाच्या परिसरात माणसं मारून, हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांचा जीव घेऊन ते आले होते. गाडी अडली, गोळीबारात एकजण मेला. दुसऱ्याच्या अंगावर ओंबळे धावून गेले आणि त्यांनी एके-47 ची नळी हातांनी धरली. गोळ्या पोटात शिरल्या तरी पकड सुटली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी अजमल कसाबला ताब्यात घेतलं.

गावोगावच्या भाषणांत गोष्ट इथे संपते. टाळ्या पडतात, घोषणा होतात. त्या टाळ्या खऱ्या असतात, त्यांत खोट काढायची नाही. पण ओंबळ्यांनी जे केलं त्याचं मोल त्या क्षणापेक्षा पुढच्या चार वर्षांत जास्त दिसतं. सरहद्दीवरच्या शिपायाचं काम शत्रूला हटवायचं असतं. पोलिसाचं काम आरोपीला कोर्टापुढे उभं करायचं असतं, तेही जिवंत. नि:शस्त्र म्हणावा अशा अवस्थेत, मरणाच्या दारात, ओंबळ्यांनी नेमकं तेच काम केलं. मरता मरता त्यांच्या हातून अटक झाली. पोलिसाच्या नोकरीचं याहून नेमकं रूप मला माहीत नाही.

मग खटला चालला. अशा माणसाला वकील तरी कशाला द्यायचा, असं विचारणारे पुष्कळ होते, आणि इतकी प्रेतं पाहिलेल्या शहरात तो संताप समजण्यासारखाही होता. कोर्टाने वकील दिला. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली. मे 2010 मध्ये विशेष न्यायालयाने कसाबला फाशी सुनावली आणि त्याच निकालात दोन भारतीय आरोपींना, पुरावा पटला नाही म्हणून, निर्दोष सोडलं. ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात ती दिली गेली. त्या दोघांची सुटका मला कसाबच्या फाशीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ज्या कोर्टात आरोपी सुटूही शकतो, त्याच कोर्टाच्या शिक्षेला वजन असतं. आणि हल्लेखोरांपैकी एक जिवंत सापडला, म्हणून हल्ल्यामागचा कट जगासमोर त्याच्या तोंडून मांडता आला.

आठवण ठेवायच्या रीती आपल्याकडे कमी नाहीत. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ताज हॉटेलात मारला गेलेला राज्य राखीव पोलीस दलाचा जवान राहुल शिंदे माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचा. गावाने स्वतःचं नाव राहुलनगर करायचं ठरवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. दरवर्षी 21 ऑक्टोबरला, 1959 मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे पडलेल्या दहा पोलिसांच्या स्मृतिदिनी, देशभरच्या पोलीस मुख्यालयांत वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. जिल्ह्याजिल्ह्यात ती वाचली जातात, तशी परभणीतही.

आणि परभणीचं नाव घेतलं की मला पुढचं बोलल्याशिवाय राहवत नाही. वालूरच्या माणसाला कोर्टकचेरीसाठी जिथे जावं लागतं, त्या आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी 10 डिसेंबर 2024 ला रेल्वे स्थानकाजवळच्या आंबेडकर पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद, दगडफेक, जाळपोळ आणि मग अटकसत्र. अटक झालेल्यांत कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो उठवला नाही.

शहीद पोलिसाच्या आठवणीत हे कशाला आणायचं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. वर्दीचा मान एका दिवसापुरता तरी डागाशिवाय राहावा असं त्याला वाटत असेल. मला उलट वाटतं. दीडशेहून जास्त माणसांचा जीव घेणाऱ्या टोळीतला एकजण एका सहायक फौजदाराने जीव देऊन कोर्टापर्यंत जिवंत पोचवला. त्याच राज्यात, त्याच खात्याने पकडलेला विद्यार्थी खटला उभा राहायच्या आत मरण पावतो. ओंबळ्यांचं नाव घ्यायचं तर तो विद्यार्थी कोठडीत का मेला, हा प्रश्नही विचारावाच लागतो. त्यांच्या फोटोचा आडोसा करून तो टाळणं हा त्यांचाच अपमान आहे, कारण त्यांनी ज्या कामासाठी गोळ्या झेलल्या ते काम तिथे अपुरं राहिलं.

केडंब्यात ओंबळ्यांच्या स्मारकासाठी सरकारने निधी मंजूर केला आहे. पुतळा होईल, बाग होईल, 26 नोव्हेंबर 2008 ही तारीख दगडात कोरली जाईल. माझी एक मागणी आहे. त्या तारखेखाली 6 मे 2010 आणि 29 ऑगस्ट 2012 या निकालांच्या तारखाही कोराव्यात, आणि निर्दोष सुटलेल्या दोघांचा उल्लेखही असावा. पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या भागातली पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांच्यातलं कुणी कधी केडंब्याला गेलं, तर नळी का धरली आणि धरून काय मिळालं, हे दोन्ही त्याला त्याच दगडावर वाचता यावं.